विश्लेषण : घरातल्या पडीक लॅपटॉपवर गेमचा सर्व्हर चालतो का? माइनक्राफ्ट, राउटर आणि वीजबिलाचं गणित काय?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातल्या चार भाचरांनी मिळून माइनक्राफ्टमध्ये एक गाव वसवलं. दोघं ठाण्यात, एक नाशिकला, एक कोल्हापुरात. गावाला वेस होती, विहीर होती, डोंगर पोखरून काढलेला बोगदा होता. अडचण एकच. ते गाव नाशिकच्या भाच्याच्या टॅबमध्ये होतं. तो क्लासला गेला की गाव बंद. टॅबचं चार्जिंग संपलं की गाव बंद. आणि तो रुसला, की मग विचारायलाच नको.

यावर उपाय दोन. एक तर दरमहा भाडं भरून ऑनलाइन सर्व्हर घ्यायचा, नाहीतर घरातल्याच एखाद्या यंत्रावर तो चालवायचा. दुसरा उपाय ऐकायला अवघड वाटतो, पण त्यासाठी लागणारं यंत्र बऱ्याच घरांत आधीपासून असतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत मदत थांबवली. विंडोज ११ न चालणारे कितीतरी चांगले लॅपटॉप त्यामुळे कपाटात जाऊन बसले. अशा यंत्रावर गेमचा सर्व्हर खरंच चालतो का, वीजबिल किती वाढतं आणि घरातलं इंटरनेट बाहेरच्यांसाठी उघडण्यात धोका काय, ते समजून घेऊ.

गेमचा सर्व्हर नेमकं काय करतो?

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर किंवा सायबर कॅफेत ज्यांनी काउंटर स्ट्राइक खेळलंय, त्यांना याचं उत्तर माहीत आहे. दहा जण खेळत असले तरी एकाच मशीनवर गेम ‘तयार’ व्हायचा आणि बाकीचे त्याला जोडले जायचे. ते एक मशीन म्हणजे सर्व्हर.

सर्व्हर हा खेळातला पंच आणि स्कोअरर असतो. कोण कुठे उभा आहे, कुणी कोणता दगड फोडला, कुणाच्या पेटीत किती लोखंड आहे, याची एकमेव खरी नोंद त्याच्याकडे असते. प्रत्येक खेळाडूचा फोन किंवा लॅपटॉप त्याला विचारतो, ‘मी इथे हा दगड फोडला, चालेल ना?’ सर्व्हर ते तपासतो, मान्य करतो आणि बाकीच्यांना कळवतो.

पूर्वी असं नव्हतं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळाडूंचे संगणक एकमेकांशीच बोलायचे. १९९६ च्या ‘क्वेक’ने मध्यवर्ती सर्व्हरची पद्धत रुळवली आणि आज बहुतेक मल्टिप्लेअर गेम त्याच वाटेने चालतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सर्व्हर चित्र काढत नाही. गवत, पाणी, सावल्या हे सगळं प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या स्क्रीनवर तयार होतं. त्यामुळे सर्व्हरला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याला मॉनिटरसुद्धा लागत नाही. म्हणूनच जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावर तो चालण्याची शक्यता निर्माण होते.

मग अशा यंत्राला जड काय जातं?

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा साऱ्या जगाचा हिशेब करतो. या प्रत्येक फेरीला ‘टिक’ म्हणतात. म्हणजे एका टिकसाठी हाताशी असतात ५० मिलीसेकंद. तेवढ्या वेळात गायी-मेंढ्या हलवायच्या, झॉम्बींनी कुठे जायचं ते ठरवायचं, पिकं वाढवायची, पाणी वाहवायचं आणि सगळ्या खेळाडूंना ताजी खबर द्यायची.

हे काम ५० ऐवजी ८० मिलीसेकंदांत होऊ लागलं, तर सेकंदाला २० ऐवजी साडेबाराच टिक होतात. खेळणाऱ्याला ते लगेच जाणवतं. फोडलेला दगड पुन्हा जागेवर दिसतो, दार उघडायला वेळ लागतो, चार पावलं पुढे गेलेला माणूस दोन पावलं मागे खेचला जातो. मुलं याला ‘लॅग’ म्हणतात आणि इंटरनेटला दोष देतात. पुष्कळदा दोष नेटचा नसतो, प्रोसेसरचा असतो.

इथे एक गंमत आहे. टिकचं बहुतांश काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होतं. त्यामुळे ‘आठ कोअर’ या आकड्याचा फारसा उपयोग नसतो. एक कोअर किती वेगवान आहे, ते पाहावं लागतं.

दुसरं जड काम म्हणजे नवी जमीन तयार करणं. माइनक्राफ्टचं जग ‘चंक’ नावाच्या तुकड्यांत विभागलेलं असतं. एक चंक १६ बाय १६ ठोकळ्यांचा, आणि २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून ३८४ ठोकळे उंचीचा. म्हणजे एका चंकमध्ये ९८,३०४ ठोकळ्यांची जागा. कुणी नव्या दिशेने धावत सुटलं, की सर्व्हरला असे चंक पटापट घडवावे लागतात. चार मुलं चार दिशांना पळाली, की छोटं यंत्र धापा टाकू लागतं.

रास्पबेरी पाय घ्यावा की जुना लॅपटॉप?

रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. पहिल्या मॉडेलमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एक कोअर आणि २५६ एमबी रॅम होती. आजचा माइनक्राफ्ट सर्व्हर त्यावर चालवायचा विचारही नको. २०१९ च्या पाय ४ मध्ये दीड गिगाहर्ट्झचे चार कोअर आले आणि २०२३ च्या पाय ५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे. ४ जीबी रॅमच्या पाय ४ वर सेटिंग आवरती ठेवली तर तीन-चार जण नीट खेळू शकतात. पाय ५ वर त्याहून थोडी सैल मोकळीक मिळते.

पण ‘छोटा आहे, वीज कमी खातो’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आमच्या घरात तीच चूक झाली. फायनल इयरच्या प्रोजेक्टमधला पाय ४ ड्रॉवरमध्ये पडून होता. मी मुलांचं गाव त्यावर हलवलं. दोन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका संध्याकाळी वीज गेली, दहा मिनिटांनी आली, आणि पाय सुरूच होईना. मेमरी कार्ड खराब झालं होतं. माझ्याकडची शेवटची कॉपी अकरा दिवसांपूर्वीची होती. त्या अकरा दिवसांत कोल्हापूरच्या भाचीने एकटीने नदीवर पूल बांधला होता. ‘मामा, पूल कुठे गेला?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याची माझी तयारी नव्हती.

असं का होतं? पाय सहसा मायक्रोएसडी कार्डावर चालतो, आणि अशी कार्डं कॅमेऱ्यासाठी ठीक असली तरी सतत लिहिण्यासाठी कमकुवत असतात. सर्व्हर दर पाचेक मिनिटांनी जग सेव्ह करतो, शिवाय लॉग लिहीत राहतो. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. त्यात लिहिणं चालू असतानाच वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. जगाची नोंद ३२ बाय ३२ चंकच्या मोठ्या फाइलींत असल्याने एक फाइल बिघडली तरी गावाचा मोठा तुकडा जाऊ शकतो.

उपाय सोपा आहे. पाय वापरायचाच असेल, तर यूएसबीला छोटी एसएसडी जोडा आणि जग त्यावर ठेवा. जुना लॅपटॉप असेल, तर मात्र तोच आधी वापरून पाहा. त्याचं एक कारण प्रोसेसर. दहा वर्षांपूर्वीचा साधा आय५ लॅपटॉपही या कामात पाय ४ पेक्षा सरस ठरतो. दुसरं कारण आपल्याकडे जास्त मोलाचं. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस घरचाच. अर्धा तास जरी टिकली तरी वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद करायला पुरेशी आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही जोडला, तर खेळ मध्येच तुटत नाही.

लॅपटॉपबाबत खबरदारी एकच. बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलेला असेल, तर तो चोवीस तास लावून ठेवू नका. आधी बॅटरी बदला किंवा काढा. लॅपटॉप कपाटात, गादीवर किंवा उन्हाच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. पायचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात, खोलीच तापलेली असताना, पंखा किंवा हीटसिंक नसलेला पाय तिथे पोहोचायला वेळ लागत नाही.

मुलं तर फोनवर खेळतात, त्यांचं काय?

इथे बहुतेक पालक अडखळतात. माइनक्राफ्ट एकच गेम नाही, त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. संगणकावर चालणारी जावा आवृत्ती आणि फोन, टॅब, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांच्यावर चालणारी बेडरॉक आवृत्ती. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकमेकींची भाषा बोलत नाहीत.

दोन्हींचे सर्व्हर माइनक्राफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात. मात्र बेडरॉकचा अधिकृत सर्व्हर इंटेल-एएमडी प्रकारच्या प्रोसेसरसाठीच आहे. रास्पबेरी पायचा प्रोसेसर फोनसारखा, म्हणजे एआरएम जातीचा. त्यामुळे तो सर्व्हर पायवर थेट चालत नाही. लॅपटॉपवर विंडोज किंवा उबुंटू असेल तर चालतो.

घरात काही मुलं फोनवर आणि काही संगणकावर खेळत असतील, तर प्रचलित मार्ग असा : जावा सर्व्हरची ‘पेपर’ नावाची सुधारित, हलकी आवृत्ती वापरायची आणि तिला ‘गायझर’ हे प्लगइन जोडायचं. गायझर दुभाष्याचं काम करतो. फोनवरून आलेलं बेडरॉकचं बोलणं तो जावाला समजेल असं करून देतो. सोबत ‘फ्लडगेट’ लावलं, तर फोनवाल्या मुलांसाठी वेगळं जावा खातं विकत घ्यावं लागत नाही. फोन आणि टॅबवर सर्व्हरचा पत्ता टाइप करता येतो. गेमिंग कन्सोलवर तशी सरळ सोय नसते, हे आधी लक्षात घ्या.

गेम विकत घ्यायचाच नसेल, तर ‘लुआन्टी’ हा पर्याय आहे. पूर्वी ‘माइनटेस्ट’ म्हणून ओळखला जाणारा हा ठोकळ्यांचाच, मुक्त आणि मोफत गेम. २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं. त्याचा सर्व्हर बराच हलका असल्याने जुन्या यंत्रावर तो निवांत चालतो.

कोणती सेटिंग बदलली की फरक पडतो?

यंत्र बदलण्याआधी पुढच्या पाच गोष्टी करून पाहा.

१. दृष्टीची मर्यादा : सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘व्ह्यू डिस्टन्स’ आणि ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ असे दोन आकडे असतात. दोन्ही मुळात १० असतात. व्ह्यू डिस्टन्स १० म्हणजे खेळाडूच्या चहूबाजूंनी २१ बाय २१, असे ४४१ चंक. तोच आकडा ६ केला, तर १३ बाय १३, म्हणजे १६९ चंक. काम निम्म्याहून खाली येतं. सिम्युलेशन डिस्टन्स ४ किंवा ५ ठेवला, तर दूरची जनावरं आणि पिकं हिशेबातून वगळली जातात.

२. गावाला शीव घाला : ‘वर्ल्ड बॉर्डर’ची कमांड देऊन जग ४,००० बाय ४,००० ठोकळ्यांपुरतं ठेवा. चार मुलांना ते महिनोनमहिने पुरतं. ‘चंकी’ या प्लगइनने त्या हद्दीतले ६२,५०० चंक रात्रीतून आधीच तयार करायला लावा. मग मुलं धावत सुटली तरी सर्व्हरला ऐनवेळी जमीन घडवावी लागत नाही. पायसारख्या यंत्राला हे काम एका रात्रीत पुरं झालं नाही, तर दुसऱ्या रात्री पुढे चालू ठेवता येतं.

३. सगळी रॅम देऊन टाकू नका : ४ जीबीच्या यंत्रावर जावाला अडीच जीबी द्या, बाकीची ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ठेवा. सगळीच दिली, तर यंत्र डिस्कचा रॅमसारखा वापर करू लागतं आणि सगळंच मंदावतं.

४. लिनक्स आणि केबल : जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरची ६४ बिटची आवृत्ती टाका. डेस्कटॉपचं ओझं नसल्याने रॅम वाचते. माइनक्राफ्टच्या १.२०.५ आवृत्तीपासून किमान जावा २१ लागतो. सर्व्हर राउटरला लॅन केबलने जोडा, वायफायने नको. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही, असं सेटिंग करायला विसरू नका.

५. रोजची कॉपी : रात्री सेव्ह करणं क्षणभर थांबवून जगाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लावा. गेल्या सात दिवसांच्या सात कॉप्या ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी उघडून पाहा. उघडून न पाहिलेली कॉपी आणि नसलेली कॉपी यांत फारसा फरक नसतो.

पहिल्यांदा सर्व्हर सुरू केल्यावर तो लगेच बंद पडला, तर घाबरू नका. तो करारनाम्याची एक फाइल तयार करून थांबतो. अटी वाचून त्या फाइलमधलं ‘फॉल्स’ खोडून ‘ट्रू’ लिहिलं, की पुढे जातो.

बाहेरगावचा खेळाडू आत कसा येणार?

घरातल्या वायफायवरची मुलं लगेच जोडली जातात. नाशिक-कोल्हापूरच्या मुलांसाठी मात्र आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता लागतो आणि खरी डोकेदुखी तिथे आहे.

जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, जगात एकूण साधारण ४२९ कोटीच आहेत. वाटायला शिल्लक असलेला जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. त्यामुळे इंटरनेट देणाऱ्या अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात.

मोठ्या गृहसंकुलाची कल्पना करा. बाहेरच्या जगाला फक्त गेटचा पत्ता माहीत आहे, फ्लॅट नंबर कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही काही मागवलं, तर वॉचमन नोंद ठेवतो आणि पार्सल तुमच्याकडे पोहोचतं. पण न सांगता कुणी तुमच्याकडे आलं, तर वॉचमन त्याला कुठे पाठवणार? गेटवरूनच परत. तुमच्या सर्व्हरला जोडू पाहणारा खेळाडू हा असाच न सांगता आलेला पाहुणा असतो.

तुम्ही सीजीनॅटमागे आहात का, हे दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखालचा पत्ता पाहा. मग फोन वायफायवर ठेवून ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणारी एखादी साइट उघडा. दोन्ही पत्ते सारखे, तर प्रश्न नाही. वेगळे असतील, आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

पत्ते सारखे असतील, तर राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करायचं. जावा सर्व्हर टीसीपीच्या २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर, तर बेडरॉक आणि गायझर यूडीपीच्या १९१३२ क्रमांकावर ऐकतात. फक्त लागणारं पोर्ट उघडा. घरचा पत्ता अधूनमधून बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएसची मोफत सेवा वापरून त्याला कायमचं नाव देता येतं.

सीजीनॅट असेल, तर मार्ग तीन. पहिला, कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं. दुसरा, आयपीव्ही६. भारतात त्याचा वापर मोठा आहे, पण दोन्ही बाजूंना तो चालू असावा लागतो. तिसरा आणि घरगुती वापराला सर्वांत सोयीचा, ‘टेलस्केल’ किंवा ‘झीरोटिअर’सारखं खासगी जाळं. सगळ्या मुलांच्या फोनवर ॲप टाकलं, की ती यंत्रं जणू एकाच घरच्या वायफायवर असल्यासारखी वागतात. पोर्ट उघडावं लागत नाही, म्हणून सुरक्षाही जास्त.

वेगाचं म्हणाल, तर डाउनलोड नव्हे, अपलोड पाहा. खेळाडूमागे साधारण अर्धा ते एक एमबीपीएस धरला, तर चार-पाच जणांना फायबरची कोणतीही साधी जोडणी पुरते. अंतराला मात्र इलाज नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन अंतर ७ हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे जाऊन येऊन किमान ७० मिलीसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. लंडनच्या चुलतभावाला घर बांधायला काही अडचण येणार नाही. तलवारबाजीत मात्र तो हरला, तर त्याला चिडवू नका.

वीजबिल किती वाढेल?

गणित सरळ आहे. वॅट गुणिले तास, भागिले १,०००, म्हणजे युनिट.

पाय ४ साधारण ६ वॅट घेतो असं धरलं, तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला सुमारे ४.३ युनिट. स्क्रीन बंद असलेला लॅपटॉप १५ वॅट धरला, तर १०.८ युनिट. जुना डेस्कटॉप ८० वॅट धरला, तर ५७.६ युनिट. हिशेबापुरता युनिटला १० रुपये दर धरू. मग पायचे ४३ रुपये, लॅपटॉपचे १०८ आणि डेस्कटॉपचे ५७६ रुपये होतात. म्हणजे पडीक डेस्कटॉप ‘फुकटचा’ म्हणून वापरणं सर्वांत महाग.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १०० युनिटनंतर पुढचा, महाग टप्पा सुरू होतो. तुमचा वापर त्या रेषेजवळ असेल, तर वाढीव युनिट वरच्या दराने लागतात, हेही पाहा.

आणि सर्व्हर चोवीस तास हवाच कशाला? संध्याकाळी ४ ते ९ एवढाच ठेवला, तर लॅपटॉपचा महिन्याचा खर्च सव्वादोन युनिटवर येतो. मुलांच्या स्क्रीनटाइमचा वाद आपोआप मिटतो, तो वेगळा फायदा.

धोका कुठे आहे?

सर्व्हर उघडणं म्हणजे घराचं एक दार रस्त्यावर उघडणं. दोन घटना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉग४जे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाइप करून सर्व्हरचा ताबा मिळवता येत होता. कंपनीने १० डिसेंबरलाच दुरुस्त आवृत्ती आणली. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांचं दार उघडंच राहिलं.

त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ने धुमाकूळ घातला होता. कारखान्यातला मूळ पासवर्ड न बदललेले घरगुती राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे काबीज करणारा हा प्रोग्रॅम. तो लिहिणाऱ्यांच्या उद्योगांत माइनक्राफ्ट सर्व्हरवर हल्ले चढवणं हेही होतं. तीन अमेरिकी तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये या प्रकरणात गुन्हा कबूल केला. गेमच्या सर्व्हरभोवतीचं भांडण किती लांब जाऊ शकतं, याचं हे उदाहरण.

घरच्यासाठी नियम थोडेच आहेत. व्हाइटलिस्ट चालू ठेवा, म्हणजे यादीतली मुलंच आत येतील. फ्लडगेटमधून येणाऱ्या नावांआधी टिंब लागतं, ते यादी करताना ध्यानात ठेवा. ‘ऑनलाइन मोड’ बंद करू नका, खेळाडूची ओळख त्यानेच पटते. सर्व्हरला दुरून लॉगिन करण्याचं पोर्ट बाहेर उघडू नका. राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदला. प्लगइन अधिकृत जागेवरूनच घ्या आणि मोजकी ठेवा. २०२३ मध्ये नावाजलेल्या साइटवरच्या काही मॉडमध्येही मालवेअर सापडलं होतं. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार किंवा घरचे फोटो आहेत, त्यावर सर्व्हर चालवूच नका. आणि घरगुती इंटरनेट प्लॅनच्या अटी एकदा वाचा. सर्व्हर चालवण्याबद्दल त्यात काही बंधन असू शकतं.

मग घरचा सर्व्हर करावा की भाड्याचा?

खेळाडू दहाहून जास्त असतील, अनोळखी लोक येणार असतील किंवा घरात कुणालाच यात रस नसेल, तर भाड्याचा घ्या. बिघाड, वीज, हल्ले यांची काळजी दुसरा कुणी घेतो आणि त्याचेच ते पैसे असतात. ओळखीची तीन-चार मुलं, पडीक लॅपटॉप आणि शनिवारची एक दुपार हाताशी असेल, तर घरचा सर्व्हर नक्की जमतो. त्यातून मुलांना आयपी पत्ता, पोर्ट, बॅकअप हे शब्द पुस्तकाआधी कळतात.

आमच्याकडे आता गाव एका जुन्या लॅपटॉपवर आहे. रोज रात्री त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर जाते आणि दर रविवारी एक ठाण्यातल्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हवर कोल्हापूरच्या भाचीने चिकटपट्टी लावून तारीख लिहायची पद्धत सुरू केली आहे. पूल तिने पुन्हा बांधला. या वेळी दगडाचा.